आपली सुट्टी, कारागिराचा हंगाम

डिसेंबर उजाडला की आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर दोनच विषय असतात, फेस्ट आणि नाताळची सुट्टी. मी बीदरचा असल्यामुळे माझ्यासाठी या दोन्हींमध्ये एक तिसरा विषय येतो. तो म्हणजे आमच्या गल्लीतले बिदरीचे कारागीर. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. आपण ज्याला 'हॉलिडे सीझन' म्हणतो, तो हस्तकलेवर पोट असलेल्या माणसाचा पेरणी-कापणीचा काळ असतो. आणि हा काळ आपण सगळ्यांनी मिळून असा मांडून ठेवला आहे की त्याला कमाई आणि घर यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. हे बदलायला हवं, आणि त्यातला थोडा भाग आपल्यासारख्या वाङ्मय मंडळालाही बदलता येईल.

मंडळात माझी ओळख 'कर्नाटकातला मराठी' अशी करून दिली जाते, तेव्हा थोडं आमच्या भागाबद्दल सांगतो. १९५६ पर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद कन्नड राज्यात राहिले. सीमा कागदावर बदलली, सोयरिकी तिथेच राहिल्या. माझी आजी भालकी तालुक्यातली. ती घरात मराठी बोलते, बाजारात कानडी आणि शेजारच्या चाचींशी दखनी. तिन्ही भाषांत तिचा आवाज सारखाच चढलेला असतो.

या गावाने जगाला दिलेली वस्तू म्हणजे बिदरी. तुमच्यापैकी अनेकांनी ती एखाद्या संग्रहालयात पाहिली असेल: काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी, हुक्का, सुरई, पानदान. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली आणि त्यांच्या आश्रयाने ही कला इथे वाढली, असं मानलं जातं. तिला जीआय मानांकन मिळून दोन दशकं होत आली. २०२३ मध्ये बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते.

पण ती वस्तू होते कशी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. जस्त आणि तांबं वितळवून भांडं ओततात. जस्त सोळा भाग, तर तांबं साधारण एक भाग. साचा मातीचा, त्यात राळ आणि एरंडेल. ओतलेलं भांडं कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर टोकदार लोखंडी सळईने काढलेली नक्षी पांढरी उठून दिसते. मग बारीक छिन्नीने ती नक्षी खोदायची, खोदलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि पुन्हा सगळं घासायचं. घासल्यावर काळा रंग निघून जातो. या टप्प्यावर भांडं हातात घेतलंत तर तुम्ही निराश व्हाल, कारण राखाडी जस्त आणि चांदी यात फरकच कळत नाही. पंधरा-वीस दिवसांची मेहनत जणू गायब झालेली असते.

खरी जादू शेवटी. बीदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणि नवसागर पाण्यात उकळतात आणि भांडं त्यात फिरवतात. जस्त काळंकुट्ट पडतं, चांदीला काहीच होत नाही. माती चांगली की नाही, हे जुने कारागीर जिभेवर चिमूट ठेवून सांगतात. प्रयोगशाळेतली मशिनं काय सांगतात ते मला माहीत नाही, आमच्या गल्लीत मात्र जिभेचा निकाल शेवटचा.

आमच्या घरासमोर ज्या चाचांचा कारखाना आहे, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. 'कारखाना' म्हणजे अंगणाला लागून असलेली एक खोली. थोरला मुलगा आणि चाचा ओतकाम करतात, धाकटा शाळेतून आला की कानस धरतो. नक्षी काढते ती आपा, जी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानांवरही खसखशीची फुलं काढते. तार ठोकण्याचं बरंचसं काम चाची करतात, तेही स्वयंपाक उरकून. पण प्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या पाटीवर नाव एकच, चाचांचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईन.

आता आमच्याकडच्या डिसेंबरचं कॅलेंडर पाहा. दत्तजयंतीच्या सुमारास हुमनाबादजवळ माणिकनगरला यात्रा भरते. श्री माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी, हिंदीत पदं लिहिली, आणि त्यांच्या यात्रेला येणारा माणूसही तसाच, तीन भाषांचा आणि सगळ्या जातीधर्मांचा. त्यानंतर येते मार्गशीर्षातली अमावस्या, आमची येळवस. मुंबई-पुण्याकडच्या मित्रांना हा सण माहीतच नसतो. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याची कोप उभी करतात, तिथे पूजा होते आणि मग जेवण: ताकात आणि बेसनात शिजवलेली, ओल्या तुरीच्या-हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, मडक्यातली आंबील. शेत नसलेल्यांना शेत असलेल्यांनी बोलावायचं, हा त्या दिवसाचा नियम. चाचांचं कुटुंब कित्येक वर्षं आमच्या शेतात जेवायला येतं. पाठोपाठ नाताळ. बीदरमध्ये मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळींची संख्या मोठी आहे. घरांवर चांदण्या लागतात, रात्री गाणी म्हणत टोळ्या फिरतात आणि गल्लीत फराळाची ताटं इकडून तिकडे जातात.

म्हणजे डिसेंबर हा आमच्याकडे एकमेकांच्या घरी जाण्याचा महिना. आणि नेमक्या याच महिन्यात चाचा घरी नसतात.

का नसतात? कारण हिवाळा हा प्रदर्शनांचाही मोसम. मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली. लोकांच्या हातात सुट्टी असते, बोनस असतो, लग्नाच्या भेटवस्तू घ्यायच्या असतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा विक्रीसाठी सर्वांत चांगला. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा, सूरजकुंड अशी मोठी नावं. गेली काही वर्षं रमजानही फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे, त्यामुळे चाचांचा अर्धा रोजा स्टॉलमागे आणि अर्धा रेल्वेत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, सुट्टीत थकत नाही का? ते हसून म्हणाले, "बेटा, तुमना छुट्टी, हमना सीझन."

सीझन म्हणजे काय, त्याचा हिशेब समजून घ्या. चांदी उधारीवर मिळत नाही. दिवाळीच्या आधी रोख देऊन ती घ्यावी लागते आणि मग दोन-तीन महिने घरातले सगळे हात राबून माल तयार होतो. गेल्या काही वर्षांत चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला. म्हणजे तेवढ्याच डब्या, तेवढ्याच फुलदाण्या बनवायला कितीतरी जास्त पैसा अडकतो. जस्ताचा माल जड, त्यामुळे नेण्या-आणण्याचा खर्च मोठा. वर स्टॉलचं भाडं, मुक्काम, जेवण. काही सरकारी प्रदर्शनांत कारागीर कार्डावर स्टॉल आणि प्रवासखर्चाची सोय होते, पण तिथे नंबर लागावा लागतो. खासगी प्रदर्शनात पैसे आधी मोजायचे आणि जागा कुठे मिळेल ते तिथे गेल्यावर बघायचं. दोन वर्षांपूर्वी एका शहरात चाचांना प्रवेशद्वाराजवळचा स्टॉल सांगितला होता, मिळाला जनरेटरच्या मागचा. दहा दिवसांत भाडं जेमतेम निघालं. त्या दहा दिवसांत येळवसही येऊन गेली. आजीने घरी फोनवर मला बजावलं होतं, "चाच्याला सांग, येळवस हाय, दुकान झाकून ये म्हनावं." सांगणार कुठून आणि येणार कसे!

इथे कोणी म्हणेल, व्यापारात असं होतंच. फटाकेवाल्याला दिवाळीत सुट्टी नसते, बेकरीवाल्याला नाताळात नसते. मान्य. पण बेकरीवाला रात्री घरी जातो, आणि त्याचं गिऱ्हाईक त्याच्या गल्लीतलं असतं. बिदरीची गोष्ट अशी आहे की ज्या गावाचं नाव तिला मिळालं, त्या गावात ती विकत घेणारे फार थोडे. चौबाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत पर्यटक येतात, सरकारी कार्यक्रमांसाठी स्मृतिचिन्हांची ऑर्डर येते, बाकी शुकशुकाट. आमच्याच घरात लग्नाला मिळालेल्या स्टीलच्या ताटांचा ढीग आहे आणि बिदरीची वस्तू एकच, तीही चाचांनी दिलेली.

दुसरा आक्षेप: आता ऑनलाइन विकावं, फिरायचं कशाला? आपा ते करून बघते आहे. तिचा अनुभव असा की फोटोत बिदरी आणि काळा रंग मारलेला ॲल्युमिनियम सारखेच दिसतात. गिऱ्हाईक दोन्ही फोटो शेजारी ठेवतं आणि स्वस्त असेल ते उचलतं. जीआय मानांकन नावाला संरक्षण देतं, पण बोटाने स्पर्श करून वजन जोखण्याचं काम कोणतंही प्रमाणपत्र करत नाही. बिदरी हातात घेतली की कळते. म्हणून प्रदर्शन लागतंच. प्रश्न एवढाच की ते किती लांब, कोणाच्या अटींवर आणि कोणत्या तारखांना.

माझं मत असं की जवळच्या बाजारांना आपण फार कमी लेखलं आहे. माणिकनगरच्या यात्रेत गेली दोन वर्षं चाचा आणि थोरला एक टेबल लावतात. तिथे फुलदाणी विकली जात नाही हे खरं. पण आपाच्या डोक्यातून निघालेल्या छोट्या वस्तू, कुंकवाची डबी, कानातले, किल्लीची साखळी, या हातोहात जातात. संध्याकाळी बस धरून सगळे घरी, मुक्कामाचा खर्च शून्य. कलबुर्गीला होळीनंतर शरणबसवेश्वरांची जत्रा भरते, ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस असतो. बीदरजवळ अष्टूरला अहमदशहा वली बहमनींचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यात लिंगायत जंगमाला मान असतो, कारण लिंगायत भाविक त्याच सुलतानाला अल्लमप्रभू मानतात. ज्या राजाच्या काळात राजधानी बीदरला आली, त्याच्याच उरुसात बिदरीसाठी एक चांगली, दिवाबत्तीची, ठरलेली जागा असू नये? पाळण्यांना आणि खेळण्यांच्या दुकानांना जागा आखून देता येते, तर कारागिरांच्या दहा टेबलांनाही देता येईल.

मी शहरातली प्रदर्शनं बंद करा म्हणत नाही. मोठी वस्तू घेणारा शौकीन माणूस शहरातच आहे, हे चाचाही सांगतात. पण वर्षाचा सगळा डाव चार-पाच लांबच्या प्रदर्शनांवर लावायचा आणि एक जनरेटरच्या मागे गेलं की वर्ष बुडायचं, हे बरोबर नाही. जवळच्या यात्रा-जत्रांतून थोडी का होईना पण नियमित विक्री झाली, तर लांबच्या प्रदर्शनाला 'नाही' म्हणण्याची ताकद कारागिराला येते. सणाच्या दिवशी घरी राहता येणं ही चैन आहे असं मला वाटत नाही. आपाने नक्षी शिकली ती कुठल्या कार्यशाळेत नव्हे, सणाच्या आदल्या रात्री सगळे एकत्र बसून काम उरकत असताना, चाचांच्या हाताकडे बघत. बाप घरी असतो तेव्हाच हा वर्ग भरतो. तो महिनोन्महिने स्टॉलवर असेल तर मुलं काय शिकतील? कुरिअरचं पाकीट कसं चिकटवायचं, एवढंच.

आणि वेळ फार नाही. थोरला दोन वर्षं हैदराबादला पार्सल पोहोचवण्याचं काम करत होता. ओतकामात त्याचा हात चाचांइतकाच बसलेला आहे. यंदा तो परत आलाय, पण घरात सांगूनच आलाय की हा एक हंगाम बघतो, जमलं तर ठीक, नाहीतर एप्रिलपासून कायमचा हैदराबाद. त्याला पद्मश्री नको आहे. त्याला महिन्याला ठरावीक पैसे आणि ईदला घर हवं आहे. आपण त्याच्या जागी असतो तर वेगळं काय मागितलं असतं?

आता आपल्याकडे येतो. आपल्या फेस्टमध्ये दरवर्षी 'लोककला दालन' असतं. कारागिरांना बोलावतो, फोटो काढतो, स्टोरी टाकतो. निमंत्रणात लिहितो, 'आपल्या कलेला व्यासपीठ मिळेल.' व्यासपीठाने चांदीचं बिल भागत नाही. डीजेला आपण मानधन देतो, प्रमुख पाहुण्यांना गाडी पाठवतो, आणि सात तास बसून छिन्नी चालवून दाखवणाऱ्या माणसाला चहा-वडापाव आणि आभाराचं पत्र देतो. माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली, प्रात्यक्षिकाला मानधन. व्याख्यात्याला जेवढं, तेवढंच. तोही शिकवायलाच आलेला असतो.

दुसरी, स्टॉलला भाडं नाही आणि घासाघीस नाही. किमतीच्या चिठ्ठ्या आपल्या स्वयंसेवकांनी लावाव्यात आणि वस्तूच्या शेजारी एक छोटा फलक असावा: किती दिवस लागले, चांदी किती, किती हात लागले. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारे आपण कारागिरासमोरच हुशार का होतो, याचा विचार त्या फलकाने आपोआप होईल.

तिसरी, तारीख आधी विचारा, पोस्टर नंतर छापा. येळवस, नाताळ, ईद, ज्याचा जो सण असेल तो दिवस सोडून बोलवा.

चौथी, स्मृतिचिन्हं. आपल्या मंडळाच्या कपाटात ॲक्रिलिकच्या ट्रॉफ्या धूळ खात पडल्या आहेत. काव्यवाचन, निबंध, एकांकिका या सगळ्या स्पर्धांची बक्षिसं मिळून एक लहान ऑर्डर सहज होते. ती जूनमध्येच अर्धे पैसे आगाऊ देऊन नोंदवा, म्हणजे चांदी घ्यायला उधार-उसनवार करावी लागणार नाही. बिदरीच असावी असा माझा हट्ट नाही. वारली चित्र, सावंतवाडीची लाकडी खेळणी, पैठणीच्या कापडाची वही, काहीही चालेल. अट एकच, बनवणाऱ्याकडून थेट.

पाचवी सूचना खास वाङ्मय मंडळासाठी. पाटीवर सगळी नावं लिहा. नक्षी कोणाची, तार कोणी बसवली, ओतकाम कोणाचं. पुस्तकावर आपण लेखक, चित्रकार, मुद्रक सगळ्यांची नावं छापतो, मग डबीवर काय हरकत आहे? आणि त्यासोबत या कामाचे शब्द गोळा करा. तारकशी म्हणजे तारेचं काम, तहनिशान म्हणजे पत्र्याचं काम, अशरफी की बूटी हे एका जुन्या नक्षीचं नाव. असे कितीतरी शब्द मराठी, कानडी, दखनीच्या मधल्या वाटेवर जगताहेत आणि कुठल्याच शब्दकोशात नीट नाहीत. मुंबई-बीदर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी तिकडे पोहोचता येतं. दोन दिवसांत पाच-सहा जण मिळून एक चांगली शब्दसूची तयार करू शकतील. मुक्काम आमच्या घरी, आणि येळवशीच्या सुमारास आलात तर भज्जी-आंबीलही.

मंडळाच्या कार्यकारिणीची पुढची बैठक फेस्टच्या बजेटसाठी आहे. मी तिथे दोन ठराव मांडणार आहे: प्रात्यक्षिकाचं मानधन आणि स्मृतिचिन्हांची आगाऊ ऑर्डर. विरोध असेल तर जरूर करा, आकडे घेऊन या, मीही घेऊन येतो. पण 'कलेला प्रोत्साहन' हे दोन शब्द या वेळी ठरावात नकोत. त्याऐवजी रक्कम आणि तारीख लिहू.